मागच्या खोलीचं सीलिंग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या वहिनीचे. मी चौथी पास झालो त्या वर्षी ती लग्न होऊन सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर आली. भात निघालं की आमचं घर द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे जायचं, आणि त्या वर्षी मीही जायचं ठरलं होतं. वहिनी सातवी शिकलेली, म्हणजे घरात सगळ्यांत जास्त. तिनं दादाला सांगितलं, "भावजींच्या वाटणीचं काम मी करते. त्यांना वसतिगृहात घाला." फॉर्मवर पालक म्हणून सहीही तिनंच केली. पुढे तालुक्याची शाळा, मग नाशकात बी.एस्सी., आणि आता सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभाग. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

यंदा मार्चमध्ये वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पिकत आला होता. आधी त्याचं ऑपरेशन, महिन्याभरानं डाव्याचं, असं नाशिकच्या डॉक्टरांनी ठरवलं. मधले दिवस तिनं आमच्याकडे राहावं, धूळ आणि चुलीचा धूर टाळावा, तपासणी चुकवू नये, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

मला काळजी होती ती मागच्या खोलीची. आमचं घर एकमजली, डोक्यावर उघडा स्लॅब. एप्रिलमध्ये दुपारी त्या खोलीत पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. मागच्या मे महिन्यात वहिनी आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून बसली. घरी काम हाय, एवढंच म्हणाली. ती ओला टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडलेली मी पाहिली होती, त्यामुळे काय ते समजलो. यंदा ती अशीच उठून गेली तर डोळ्याचं काय होईल, हा विचार माझी पाठ सोडेना.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी रोज सुटी झाली की दुकानं पालथी घालायला लागलो. पहिल्या दुकानदारानं काचेच्या लोकरीचे गठ्ठे दाखवले. जिप्समच्या वर हे अंथरा, खोली माठासारखी होईल म्हणाला. मी हात लावला, घरी येईपर्यंत बोटं खाजत होती. याचा एक तंतू सुटून वहिनीच्या ताज्या डोळ्यात गेला तर? ते रद्द. थर्माकोल स्वस्त, हलकं, पण सहकाऱ्यानं त्याला आग कशी पटकन लागते ते सांगितलं, तेही रद्द. गच्चीवर चुन्याचा थर आणि पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवणं सर्वांत चांगलं असं जाणती माणसं म्हणत, पण त्याला पाणी मारत बसायला दिवस लागतात. आणि दिवसच तर नव्हते.

कारखान्यातून परवानगी घेऊन पृष्ठभागाचं तापमान मोजायचं यंत्र आणलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी स्लॅबच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मोजायचो आणि वहीत तक्ता करायचो. मध्यभागी जास्त आलं की स्टूल सरकवून पुन्हा मोजायचो. बायकोनं तीन दिवस स्टूल धरलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "वहिनी येणार आहेत की लशीच्या बाटल्या?"

सीलिंगवाला आला तोही वही पाहून हसला. साहेब, तुमच्याकडे काम करायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागेल, असं म्हणून स्टुलावर चढला आणि तळहात स्लॅबला लावून उतरला. त्याचं म्हणणं सोपं होतं. ऊन वरच अडवा. ते एकदा स्लॅबमध्ये शिरलं की रात्रभर खाली उतरत राहतं. मला पटलं, तरी धीर निघेना. शेवटी दोन्ही केलं. गच्ची घासून तिला ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, आणि आतून चमकत्या कागदाची फोमची शीट लावून तिच्याखाली जिप्सम बसवलं. पंख्याची दांडी बदलावी लागली. काम संपलं त्या दुपारी खोलीत नुसता उभा राहिलो आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

ऑपरेशन छान झालं. हिरवी पट्टी लावून वहिनी मागच्या खोलीत आली, वर बघितलं आणि म्हणाली, हे तर विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी रजेवर होतो, तर दुपारी एकच्या सुमाराला वहिनी खोलीत नाही. बाहेर ओट्यावर, भर उन्हाच्या कडेला बसलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशीची तपासणी झाली आणि तिनं पिशवी काढली.

मी विचारलं, आत गरम होतं का? यंत्र आणू का?

"नाय हो. तुमची खोली लय गार हाय. तेच तर."

मग तिनं जे सांगितलं ते मला आधी कळलंच नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी गावच्या घरावरचं गवत काढून पत्रे टाकले होते. शिकल्याचं काहीतरी घराला दिसावं, अशी माझी हौस. त्यानंतर मी गेलो तो दरवेळी दिवाळीत, थंडीत. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. वहिनी पहिल्याच चैत्रात गोठ्याच्या पेंढ्याखाली गेली. चूलसुद्धा तिकडेच नेली. दादा मात्र जात नाही.

"का?"

"भावानं टाकलंय म्हनतात. आल्यागेल्याला दावतात. गुरांच्यात बसलो तर लोक काय म्हनतील, भावानं घर बांधलं आन् हा गोठ्यात? मागल्या साली मी तुमच्याकडं आले तवा हे तिकडं चक्कर येऊन पडले. मी असली म्हंजी हाताला धरून बाहेर काढते. नसली की कोन काढनार? दुपार झाली की तेच मनात येतं, मंग गार खोलीत पडवत नाय."

"मला सांगायचं नाही का, वहिनी?"

"तुम्ही हौसेनं टाकलं, भावजी. कसं सांगनार?"

मी वर बघितलं. पांढरं, सपाट, एक रेघ नसलेलं सीलिंग. तीन आठवडे मी या एका खोलीचं ऊन मोजत होतो.

डॉक्टरांचं नाव घेतलं, हात जोडले, उपयोग झाला नाही. दोन्ही थेंबांच्या बाटल्या आणि काळा चष्मा देऊन मी तिला जीपमध्ये बसवलं. दादाला फोन केला तर नेहमीचंच उत्तर, सगळं बरं आहे, पत्रा एकदम मजबूत आहे. फोनवर हे व्हायचं नाही हे कळलं. वसतिगृहातून मी पाठवलेल्या चिठ्ठ्या वहिनी दादाला वाचून दाखवायची, आणि चिठ्ठीतलं तो ऐकायचा. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याच जीपवाल्याच्या हाती ही पाठवली:

वहिनी,

अक्षर मोठं काढलंय, एका डोळ्यानं वाचता येईल. डाव्यावर ताण देऊ नकोस. थेंब चुकवू नकोस.

तू मला सांगितलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. मी उन्हाळ्यात एकदाही आलो नाही, ही माझी चूक. पत्रे टाकण्याआधी तुम्हाला विचारलं नाही, ही त्याहून मोठी. या वेळी मी काही ठरवणार नाही. पत्रे काढून पुन्हा गवत घालायचं, की पत्र्यावर बांबू आडवे टाकून पेंढा अंथरायचा, ते तुम्ही दोघं सांगा. मी रविवारी येतोय. कामासाठी मेमध्ये रजा टाकली आहे, पाऊस लागायच्या आत हातानं काम करीन. नाशकातला कारागीर आणणार नाही.

पुढचं दादाला मोठ्यानं वाचून दाखव.

दादा, तू माझ्या पत्र्याखाली बसून मला मान देतोस, ते कळलं. मला तो मान नको. कोणी विचारलं तर सांग, आमच्या भावाला घर बांधायची अक्कल नव्हती, तो आता शिकतोय. आजपासून दुपारी गोठ्यात बस. तू बसलास की वहिनीला सोमवारी माझ्याबरोबर परत येता येईल. दुसरा डोळा राहिलाय.