डावखुऱ्याचं घड्याळ

नवा पट्टा बसवून झाल्यावर घड्याळवाल्या काकांनी मला न विचारताच माझं डावं मनगट ओढून घेतलं. मी ते सोडवून उजवं पुढे केलं.

"अहो, उलटं दिसेल," ते म्हणाले.

मी डावखुरा आहे. लिहिताना टेबलावर घासू नये म्हणून घड्याळ उजव्या हातात घालतो आणि गेली तीस वर्षं हेच सांगत फिरतोय. चावी नेमकी कोपराकडे येते, त्यामुळे पाच मिनिटं पुढे करायचं म्हटलं तरी घड्याळ उतरवावं लागतं. पूजेला बसलो की गुरुजी म्हणतात, "घड्याळ काढा, भिजेल." डावा हात मोकळाच असतो, पण तो तीर्थाला चालत नाही! घड्याळं बनवणाऱ्यांच्या घरात एकही डावखुरं पोर जन्मलं नसेल का?

पट्टा ढिला होत होता, म्हणून काका आणखी एक भोक पाडायला बसले. माझी कटकट चालूच होती. तेवढ्यात दिसलं, टोच्या त्यांच्या डाव्या हातात होता. त्यांचं स्वतःचं घड्याळ काउंटरवर पडलेलं.

"काका, तुम्हीपण डावखुरे?"

"हो की. डाव्या हातात घड्याळ कामात आडवं येतं. घरी जाताना घालतो."

"मग उजव्या हातात का नाही घालत?"

"लोकांना सांगत कोण बसणार?"

भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. काकांनी माझं उजवं मनगट धरलं आणि पट्टा नीट, घट्ट बांधला.