चाळीस झाले की दोरी

सलीमभाई गेल्याचं मला सकाळी सव्वासातला कळलं. पाच आठवडे झाले त्याला. अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले..." समोरच्या खिडकीपाशी, त्यांच्या जागेवर, एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

अकरा वर्षं आम्ही सोबत अप-डाऊन केलं. मी अकोल्याला पाटबंधारे कार्यालयात, ते अकोला स्टेशनवर टीसी. भरतीची परीक्षा, मेळावा, उरूस, असा गर्दीचा दिवस असला की त्यांना पुलाच्या जिन्यापाशी उभं करत. वरूडच्या संत्र्यांच्या पेट्या बांधतात तसली एक केशरी दोरी त्यांच्या बॅगेत कायम असे. तिचं एक टोक कठड्याला बांधायचं, दुसरं हातात. चाळीस माणसं मोजून सोडायची, मग दोरी आडवी. ती माणसं वर पोचली की पुढची चाळीस. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं होतं, चाळीसच का? म्हणाले, "संत्र्याची पेटीबी ठासून भरत नाहीत, भाऊ. खालचे दबतात."

एका भरती परीक्षेच्या दिवशी माझी मृणाल अकोल्याला पेपर द्यायला आली होती. संध्याकाळी आम्ही दोघं परतीच्या गाडीसाठी एक नंबरवर उभे होतो. फलाट पोरापोरींनी भरलेला. गाडी यायच्या बेताला घोषणा झाली, गाडी तीन नंबरवर येईल. सगळी गर्दी जिन्याकडे वळली. सलीमभाई तिथं आधीच दोरी घेऊन उभे.

मी मनात जिन्याची रुंदी, पायऱ्या, गाडी थांबायची मिनिटं यांचं गणित केलं आणि त्यांना म्हटलं, "साठ सोडा. चाळीसनं निम्मी पोरं राहतील."

"गाडीचं मी पायतो. माणूस पाठवला गार्डकडे. तुमी हे टोक धरा."

मागून एक पोरगा ओरडला, "ओ काका, दोरी काय म्हशी बांधाले आणली का?"

"म्हशी असत्या तर रांगेत गेल्या असत्या, बापू. सत्तावीस, अठ्ठावीस..."

मृणाल दुसऱ्या चाळिसात गेली. जिन्याच्या मध्यावर तिच्या सॅकचा पट्टा शेजारच्या मुलीच्या पिशवीत अडकला आणि ती गुडघ्यांवर पडली. माझ्या हातातली दोरी सुटली. सलीमभाईंनी पायानं दाबून धरली, मान न वळवता म्हणाले, "पाहा नुसतं."

मी पाहिलं. तिच्या मागची पोरं थांबली. थांबायला त्यांच्यापुढे चार पायऱ्या मोकळ्या होत्या. दोघींनी तिला उठवलं, पट्टा सोडवला, सगळे वर गेले. माझं गणित बरोबर होतं, पण त्यात मी माणसं धरली होती, पिशव्या नाही. साठ सोडले असते तर त्या चार पायऱ्या राहिल्या नसत्या.

गाडी थांबून राहिली. किती, ते मी घड्याळावर पाहिलं होतं: सतरा मिनिटं. शेवटची पोरगी डब्यात चढल्यावर सलीमभाईंनी तीन नंबरवर येऊन हात वर केला, तेव्हा गार्डनं हिरवा दाखवला. एकालाही खरचटलं नव्हतं, फक्त मृणालचा गुडघा सोडून. खिडकीतून ती म्हणाली, "काका, थँक्यू." तर म्हणे, "तुया बापाले सांग, पुढच्या वेळी दोरी सोडाची नाही." उशिराबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी एका ओळीत दिला: सर्व प्रवासी गाडीत बसले.

ते निवृत्त झाले तेव्हा दोरी घरी नेतील असं वाटलं होतं... नेली नाही.

गेल्या रविवारी पुन्हा परीक्षा होती. मी अकोल्यात कामाला गेलो होतो, संध्याकाळी परत निघालो. जिन्याशी एक तरुण टीसी मुलगी उभी होती. हातात तीच केशरी दोरी, टोकं उसवलेली. मोठ्यानं मोजत होती. गाडी समोर लागलेली, मला घाई होती. मी ओळखीचं हसून पुढे सरकलो.

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. थांबा, काका."

मी एकेचाळिसावा होतो. थांबलो.