दस्तगीर मिस्त्रीचे ब्रेक

वर्धनगडच्या घाटात आमच्या ट्रकचे ब्रेक गेले ते माझ्यामुळे गेले. मिस्त्रीच्या कामात चूक नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, चौकशीत तर नाहीच. आता पंचेचाळिशी उलटली. लिहून टाकतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मी फौजेत ड्रायव्हर होतो. बरोबरच्यांना ब्रह्मदेश, इजिप्त अशी पोस्टिंगं मिळाली, मला मिळाला सातारा. भरती पार्टीचा ट्रक चालवायचा. विटा, आटपाडी, म्हसवड असं फिरायचं, भरती झालेली पोरं साताऱ्याला आणून सोडायची. माझं गाव कृष्णाकाठी, वाटेवरच. आई म्हणायची, "ही कसली रं तुझी लढाई? दर पंधरा दिसांनी जेवायला घरी!" खरं सांगायचं तर दिवस सुखाचे होते.

पार्टीत आम्ही चौघे. सुभेदारसाहेब, एक क्लार्क, मी आणि फिटर म्हणून नाईक दस्तगीर शिकलगार. दस्तगीर कऱ्हाडशेजारच्या मलकापूरचा. घरात विळे-कोयते घडवायचं आणि धार लावायचं काम चालायचं. हा इंजिनाकडं वळला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करायचो.

रोज सकाळी आधी गाडीची फॉलिन, म्हणजे हजेरी-तपासणी, मग माणसांची. हा त्याचा नियम. रेडिएटरचं पाणी, इंजिनाचं ऑइल, फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघणे, टायरमधली हवा. माणदेशात एअर फिल्टर रोज धुवायचा, कारण तिथली धूळ पिठासारखी. हॉल्टला उतरलं की चारी चाकांच्या ड्रमला हाताची पाठ लावायची. "कोमट लागलं तर चल म्हण," तो सांगायचा. "चटका बसला तर मला हाक मार. तू शाणपणा करू नगंस."

मी टाकताना गिअरचे दात वाजले की तो हसायचा.

"गणपा, गेर टाकतूस का चरकात ऊस घालतूस?"

"आणि तू गाडीखाली कामाला जातूस का झोपायला?"

"दोन्हीला. तिथनं तुझं थोबाड दिसत न्हाई, झ्वाप ग्वाड लागती."

मोडतोड झाली म्हणून तो कधी कुणावर ओरडला नाही. फक्त विचारायचा, काय झालं आणि तू काय केलंस. "गाडीला तोंड न्हाई. तिच्या वतीनं तुलाच बोलाया पायजे. मोडलं तर मोडलं म्हण." ब्रेकचं काम केलं की पहिल्या उताराला तो स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायचा. उतर म्हटलं तरी उतरायचा नाही.

ब्रेकच्या तेलाचा त्या काळात तुटवडा होता. दस्तगीर एरंडेल आणि स्पिरिट मिसळून ते स्वतः तयार करी. आम्हा ड्रायव्हरांना त्यानं बजावलं होतं, ब्रेकच्या डब्यात इंजिनाचं मोबिल ऑइल कधी घालू नका, आतली रबरं फुगतात. मी ते ऐकलं होतं. पटलं मात्र नव्हतं.

आटपाडीत त्यानं ट्रकच्या ब्रेकची रबरं बदलली. तिथून आम्ही म्हसवडला आलो. सिद्धनाथाच्या देवळापासून थोडं पुढं मैदानात तंबू टाकला. दुसऱ्या दिवशी दस्तगीर स्पिरिट आणायला दवाखान्यात गेला होता. मी डबा उघडून पाहिला तर तेल दोन बोटं उतरलेलं. नव्या कामानंतर एवढं उतरतंच. तो येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण सुभेदारसाहेब निघायच्या तयारीत होते, आणि माझ्या लान्स नाईकच्या फितीची शिफारस त्यांच्या हातात होती.

"गाडी तयार?"

"तयार, साहेब."

हाताशी मोबिलचा कॅन होता. दोन बोटांनी काय होतंय, असं म्हणून ओतलं.

आणखी दोन दिवस आम्ही आसपासची गावं केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दस्तगीरनं ड्रमला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"ब्रेक धरून ऱ्हायल्यात. गणपा, डब्यात काय घातलंस का?"

साहेब चार पावलांवर उभे होते. मी म्हणालो, "न्हाई."

"बरं," तो म्हणाला. "मग माझंच शू टाइट बसलं असंल."

त्यानं डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. माझा शब्द त्याला पुरला. अंधार पडेपर्यंत चारी चाकं खोलून ड्रममधले ब्रेकचे शू सैल करत बसला, नसलेली चूक शोधत. मी शेजारी पाने पुढं करत होतो.

सकाळी साहेब आणि क्लार्क प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारनं पुढं गेले. मागे भरतीची अठरा पोरं बसली. दस्तगीर माझ्या शेजारी. दहिवडी, पुसेगाव करत वर्धनगडच्या माथ्यावर आलो. हॉल्ट केला. ड्रम कोमट.

"चल," तो म्हणाला.

तिसऱ्या वळणावर पॅडल तळाला गेलं.

"दस्तगीर, ब्रेक न्हाई."

"पंप मार."

"मारतोय. लागत न्हाई."

"दुसरा टाक. हँडब्रेक हळू वड. डोंगर सोडू नगंस."

शेडमध्ये पाना मागावा तसा त्याचा आवाज होता. दुसरा गिअर ओरडत पडला. वेग कमी झाला, पण पुरेसा नाही. पुढचं वळण आम्हाला पेलणार नव्हतं. डोंगर डाव्या अंगाला होता आणि उजवीकडे दरी. सीटखाली दोन लाकडी ठोकळे असायचे. ते घेऊन तो दार उघडून फुटबोर्डवर गेला. मागच्या पोरांना ओरडला, "उठू नगा! बसून ऱ्हावा!" आणि उडी टाकून मागच्या चाकाशी पळू लागला. पहिला ठोकळा चाकानं भिरकावून दिला. दुसरा बसला. ट्रक थांबला, पण मागचं अंग डोंगराच्या बाजूला फिरलं आणि तो मध्ये सापडला.

आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता.

"पोरं?"

"सगळी हायत."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "गणपा, रबर उलटं बसलं व्हतं का रं माझ्याकडनं?"

मागून आलेल्या एका मोटारीत आम्ही त्याला उचलून ठेवलं. कोरेगावला पोचायच्या आत तो गेला.

साताऱ्याला चौकशी झाली. मला विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली. पॅडल दाबलं, ब्रेक लागले नाहीत. फाटलेली रबरं बघून निष्कर्ष निघाला, फिटरच्या कामात दोष. मी गाडी ताब्यात ठेवली म्हणून शाबासकी आणि महिन्याभरात फीत.

लढाई संपल्यावर मी फौज सोडली. फौजेनं विकायला काढलेली एक जुनी मोटार घेतली आणि कऱ्हाड-सांगली भाड्यानं चालवू लागलो. धंदा बरा चालला. त्या अठरा पोरांतली काही आघाडीवरून परत आली. एक जण आटपाडीच्या बाजारात भेटतो, डाळिंबं दिल्याशिवाय सोडत नाही. संसार झाला, मुलं शिकतात. तक्रारीला जागा नाही.

माझी मोटार दस्तगीरचा धाकटा भाऊ हुसेन बघतो. मलकापुरात रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं शेड आहे. पहिल्यांदा गेलो ते का गेलो, मला सांगता येणार नाही. नंतर जात राहिलो, कारण असा मिस्त्री दुसरा नाही. बॉनेट उघडायच्या आधी तो प्रश्न विचारतो.

"आण्णा, आवाज कवापासनं?"

"बुधवारपासनं. गरम झाल्यावर येतो."

"तुमी काय केलं व्हतं का?"

"पाणी बघायचं इसरलो. आटलं होतं. तसाच तीन मैल आणली."

"लय भारी!" तो हसतो. "तरी बरं, सांगितलंसा. बाकीची मोडून आणत्यात आन् म्हणत्यात, आपोआप झालं. तुमच्यावानी खरं सांगणारं गिऱ्हाईक न्हाई बघा."

इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगा, सगळं हुसेन करतो. मोटार पहिल्या हँडलला सुरू होते. फक्त ब्रेकला तो हात लावत नाही. कुणाच्याच. ब्रेकची गाडी आली की कऱ्हाडात दुसऱ्याकडे पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मागच्या महिन्यात मी म्हणालो, "हुसेन, तूच कर की. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

तो चिंधीनं हात पुसत राहिला.

"नगं, आण्णा. आमच्या घराण्याच्या हातात ते न्हाई. दादाच्या हातनं अठरा पोरं मरत व्हती."

त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं. मी गाडी सुरू केली आणि कऱ्हाडला गेलो.

नाईक दस्तगीर शिकलगार आघाडीवर पडला नाही, म्हणून लढाईत गेलेल्यांच्या कुठल्या शिळेवर त्याचं नाव नाही. त्याचं काम बिनचूक होतं. अठरा माणसं त्याच्यामुळे जगली, एकोणिसावा मी.

हे छापून येण्याआधी मलकापूरला जाऊन हुसेनला समोर बसून सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.