पास्कू मिस्त्रींचा वर बघणारा पुढारी

नेत्याची नजर सदैव जनतेवर असते, असं स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा मी नेत्याच्या नाकपुडीतून कबुतराची वाळलेली घाण काढत होतो. नेत्याची नजर माझ्या शेडच्या पत्र्यावर होती.

सातिवलीत माझं जुन्या मूर्ती दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. हा संगमरवरी बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, एकोणिसाव्या शतकातला. एका वाचनालयाच्या व्हरांड्यातून तो आचोळ्याच्या नव्या चौकात जायचा होता. घडवणारे पास्कू मिस्त्री नंदाखाल गावचे. जन्मभर त्यांनी चर्चसाठी संत कोरले. संत वर बघतात. पुढारी कोरायची वेळ आली, तेव्हाही हाताला तेवढंच ठाऊक होतं.

“डोळे खाली घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

“दगड आहे, सर. खरवडावा लागेल. चेहरा जाईल.”

“मग पुट्टीने नवे काढा. गणपतीचे एका दुपारी काढता ना तुम्ही लोक?”

बाजूच्या स्टुलावर फिलोमिना टीचर बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वय पंच्याहत्तर. मिस्त्री त्यांचे पणजोबा. पुतळा शेडमध्ये आल्यापासून त्या रोज रिक्षाने येत. संतांच्या मूर्तीवर मिस्त्री नाव घालत नसत. त्यांचं नाव असलेला हा एकच दगड. पाठीवर, खालच्या कडेला. टीचर त्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि घरी जात.

“चेहरा राहू दे, बाबा,” त्या मला म्हणाल्या. “आणि नाव.”

मी लगेच तोडगा काढला. पुतळाच पुढे झुकवायचा, म्हणजे नजर आपोआप खाली येईल. अध्यक्ष खूश झाले. झुकलेले साहेब नम्र दिसतील, म्हणाले.

पण झुकवलेला दगड पुढे पडतो. मागून सळईने धरायचा तर भोक पाडावं लागतं, आणि इतक्या जुन्या संगमरवराला ड्रिल लावलं की तडा जातो. उरला काँक्रीटचा टेकू. तो पाठीवरच येणार, नेमका नावावर. हे मला तोंड उघडण्याआधी सुचायला हवं होतं.

टीचरना सांगितलं.

“म्हणजे दोन्हीतलं एकच मिळेल?”

“हो, टीचर.”

“मग चेहरा ठेव. तो त्याने केलाय. नाव काय, त्याच्या बापाने ठेवलेलं.”

मी अक्षरांवर प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि काँक्रीट ओतलं. पुढेमागे कुणी फोडलं, तर अक्षरं शाबूत निघतील. कुणी कशाला फोडेल, हे टीचरनी विचारलं नाही.

अनावरणाला त्या आल्या. भाषणं चालू असताना पुतळ्याच्या मागे गेल्या, काँक्रीटवरून बोट फिरवलं आणि रिक्षा शोधायला लागल्या.

मी शिकलो ते एवढंच की, तोडगा सांगण्याआधी वस्तूभोवती एक पूर्ण फेरी मारावी.

चौथऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे. तिच्यावर समितीची सतरा नावं आहेत. सगळ्यात खाली ‘शिल्पकार’ म्हणून माझं आहे.