तांडेलाच्या पेटीतल्या गोळ्या

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मुरुड भागातली ती केस आठवली की आजही मी खुर्चीत ताठ बसतो.

एका खलाशाची बायको सकाळीच आमच्या पोलीस ठाण्यात आली. पायात माशाचा काटा घुसून झालेली नवऱ्याची जखम चिघळली होती. अलिबागच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडला होता आणि औषध लागू पडत नव्हतं. मेडिकलवाल्याने बोगस औषध दिलं, अशी तिची फिर्याद. बोगस औषधांचं रॅकेट म्हटल्यावर मला चेवच चढला. औषध निरीक्षकाला घेऊन दुकानाचा पंचनामा केला, मालकाला ठाण्यात आणून बसवलं.

माल अस्सल निघाला. मी चडफडत असतानाच अलिबागच्या डॉक्टरांचा फोन आला. औषध खरं होतं, जंतूच त्याला दाद देत नव्हते. तपासणीचा रिपोर्ट यायला दोन दिवस होते आणि पेशंटकडे तेवढा वेळ नव्हता. त्याने आधी कोणती अँटिबायोटिक्स खाल्ली ते संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाले.

बायकोला काही ठाऊक नव्हतं. बाकीचे खलाशी गावी गेलेले. मी बोटीच्या प्रमुखाला, तांडेलाला, बोलावलं. ‘काय खाल्ला नाय,’ एवढंच तो म्हणत राहिला. खोटं बोलणारा एकतर फार तपशील देतो किंवा अजिबात देत नाही. आवाज चढवून उपयोग नव्हता. चहा मागवला आणि मासळीचे वाटे कसे करता, ते विचारलं. तिथे तो खुलला.

‘आमचे बोटीवर सगल्यांना सारखा वाटा, साहेब. कायपन असूदे.’

‘गोळ्यांचापण?’

त्याने कप खाली ठेवला. ‘कोनाला ताप आला का सगल्यांना दोन-दोन. मीच वाटतो.’

जीप बंदरावर पळवली. बोटीवरच्या पत्र्याच्या पेटीत कात्रीने कापलेली, तीन प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. तिथूनच डॉक्टरांना फोनवर नावं वाचून दाखवली. डॉक्टरांनी ती तिन्ही औषधं वगळून वेगळं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी खलाशाने डोळे उघडले, तेव्हा मी ठाण्यात चक्क टाळी वाजवली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. बोटीवरचा तो ताप व्हायरल, तीन-चार दिवसांत आपसूक उतरणारा. श्रेय गोळ्यांना मिळत गेलं आणि अंगातले जंतू मात्र त्या गोळ्यांना सरावत गेले. मेडिकलवाल्याची मी माफी मागितली.

तांडेलाला कडक समज द्यायला समोर बसवलं. पेन काढायला ड्रॉवर उघडला, तर आत अर्धं कापलेलं पाकीट. त्याच गोळ्या. ठाण्यात तापाची साथ आली तेव्हा मीच सगळ्यांना दोन-दोन वाटल्या होत्या.

‘साहेब, तुमचेकडंपन सारखाच वाटा?’ कापलेल्या पाकिटाकडे बघत तांडेल म्हणाला.

मी ओशाळलो. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा दरवेळी लबाड नसतो, हे मला त्या दिवशी उमगलं. कधी तो भल्या मनाने वाटणारा असतो, आणि असे दोघे तेव्हा एकाच टेबलाशी बसले होते.