दसऱ्याच्या सात फाइली

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, उभ्या आयुष्यात पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले. त्यातला चालू एकच उरला होता, तीर्थपुरीच्या एका जिनिंगवरच्या वजनकाट्याचा. कापसाचा हंगाम तोंडावर आला आणि तिथला कॉम्प्युटर बंद पडला. मालकांनी निरोप दिला, उद्या सकाळपर्यंत तुमचा प्रोग्रॅम पुन्हा बसवा, नाहीतर दुसऱ्याचा घेतो. मामा दुपारी जेवले नाहीत. शेवटचाही गेला तर आपण खरंच रिटायर, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आमच्या मस्तगडच्या घरात पेनड्राइव्हवर त्या प्रोग्रॅमच्या आठ प्रती सापडल्या. फोल्डरांची नावं ‘नवीन’, ‘एकदम नवीन’, ‘हेच घ्या’. शेवटची दुरुस्ती कुठल्या प्रतीत, ते त्यांनाही आठवेना. सगळ्या एकाच दिवशी कॉपी केलेल्या, म्हणून बाहेरच्या तारखेचा उपयोग नव्हता. पण ईएक्सई, म्हणजे प्रत्यक्ष चालणारी फाइल कधी तयार झाली, ते तिच्या पोटात लिहिलेलं असतं. ते वाचणारी माझी एक पर्ल स्क्रिप्ट होती. चालवली, तर सात फाइलींवर एकाच जुन्या दसऱ्याची सकाळ, आणि आठवीवर तीन वर्षांपूर्वीचा कुठलासा मंगळवार.

सात फाइली एकाच सकाळी कोण करतं? मी हात धुऊन स्क्रिप्टच्या मागे लागले. बाइट उलटे वाचतेय का, बायनरी मोड लावायचा राहिलाय का, सगळं पाहिलं. एक तारीख तर कागदावर मोजली. इतर कुठलीही फाइल दिली की उत्तर बरोबर. मामांच्याच फाइली तेवढ्या हटून बसलेल्या. शेवटी वैतागून मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

ते चोरी सापडल्यासारखे हसले. काटा पहिल्यांदा चालला तो दसरा. तो दिवस लाभला, म्हणून दर दुरुस्तीला ते कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच सकाळवर नेत आणि मगच कंपाइल करून फाइल तयार करत. इंजिनिअर सुनेला हे कोण सांगणार!

मग आठवी? तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. ते सांगत गेले, मी टाइप केलं, कंपाइलही मीच केलं. घड्याळाला हात लावला नव्हता. त्यानंतर मामांनी प्रोग्रॅममध्ये काही बदललं नव्हतं, म्हणजे शेवटची दुरुस्ती हीच.

“त्या दिवशी अमावस्या होती,” मामा म्हणाले.

“मग मला अडवलं का नाही?”

“तू पहिल्यांदाच माझ्या खुर्चीवर बसल्ती. म्हणलं, ह्याच्याहून चांगला मुहूर्त न्हाई.”

मी दोन ताटं वाढली. जेवून आम्ही तीर्थपुरीची बस पकडली.