फरामर्झचा डावा पाय

तेहरानच्या राष्ट्रीय शिबिरात फरामर्झला कुणी नावानं हाक मारत नसे. तिथे तो 'जॉर्जियन' होता.

हे नाव कुस्तीचे प्रशिक्षक उस्ताद सफदर यांनी लावून दिलं. शहाऐंशी किलोच्या गटात किर्मानशाहचा ईरज हा देशाचा पहिला मल्ल. जगात त्याला धास्ती होती ती एकाच माणसाची, जॉर्जियाच्या एका डावखुऱ्या पैलवानाची. त्याच्यासारखा लढणारा कुणीतरी सरावाला हवा होता. उस्तादांनी फरामर्झला चित्रफिती दाखवल्या, डावा पाय पुढे टाकायला लावला, मान तशी, कोपर तसं. फरामर्झ शिकला. तसं तो सांगितलेलं सगळंच शिकत असे.

खरं तर तो उत्तरेकडच्या जूयबार गावचा. तिकडे भातकापणी उरकली की मेंढ्याच्या बक्षिसासाठी कुस्त्या होतात आणि उजवा पाय पुढे रोवून कमरेला मिठी घालणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. त्याचे वडील तसेच लढत. तोही तसाच लढत तेहरानला आला होता. पण शिबिरात रोज सकाळी ईरज मॅटवर यायचा, टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, "ये, जॉर्जियन." की फरामर्झचा डावा पाय पुढे. अशी वर्षं गेली. भोजनगृहातला रजब त्याच्या ताटात भात वाढताना डोळे मिचकावून म्हणे, "जॉर्जियनसाहेब, तुमच्या देशात जेवणाबरोबर द्राक्षांचं काय करून पितात ते ठाऊक आहे, पण इथं ताकच मिळेल." सगळे हसत. फरामर्झही हसे आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसे.

त्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या निवडीला तो तिशीत पोचला होता. ही संधी गेली तर पुढची नव्हती. नियम सगळ्यांना पाठ होता: गेल्या वर्षी पदक आणलेला मल्ल बसून राहणार, बाकीचे आपसात लढणार, त्यातून जो उरेल तो त्याच्याशी तीन कुस्त्या करणार. ज्याच्या दोन, त्याची जागा. पदक ईरजकडे होतं; बाकीच्यांतून फरामर्झ उरला.

ईरज आणि तो एकाच खोलीत राहत. निवडीआधी उस्तादांनी ईरजला दुसरीकडे हलवलं, रीतच तशी होती. रिकाम्या खोलीत फरामर्झ आरशासमोर उजवा पाय पुढे टाकून उभा राहायचा. अवघडल्यासारखं वाटायचं. कुणाला विचारावं, हे बरोबर दिसतंय का? विचारायला एकच माणूस होता, तोच प्रतिस्पर्धी.

पहिली कुस्ती त्यानं जिंकली. जूयबारहून बस करून आलेली मंडळी सभागृहात उभी राहून गाऊ लागली. ईरज गोंधळला होता. इतकी वर्षं त्यानं या माणसाचा उजवा पाय पुढे आलेला पाहिलाच नव्हता. दुसरी कुस्ती ईरजनं ताकदीवर काढली.

तिसरीत फरामर्झ दोन गुणांनी पुढे होता आणि वेळ संपत आली होती. ईरजच्या कपाळावरून घाम गळत होता. पंचांनी दोघांना मध्यावर बोलावलं. ईरजनं टाळी वाजवली आणि हलकेच म्हणाला,

"ये, जॉर्जियन."

फरामर्झचा डावा पाय पुढे गेला.

त्या पायाचं काय करायचं हे ईरजला झोपेतही कळलं असतं. त्यानं पट काढला, फिरवलं आणि दाबून धरलं. पंचांनी मॅटवर हात आपटला तेव्हा फरामर्झ छताचे दिवे बघत होता. चितपट.

कपडे बदलायच्या खोलीत ईरज आला. त्यानं फरामर्झच्या खांद्याचं चुंबन घेतलं, धाकट्यानं थोरल्याचं घ्यावं तसं. "दादाश, तोंडातून निघून गेलं रे. सवयीनं. आईशप्पथ."

फरामर्झनं त्याच्याकडे बघितलं. खरं असेलही. विचारलं असतं तर ईरजनं पुन्हा शपथच घेतली असती.

"माझाही पाय सवयीनंच गेला," तो म्हणाला.

मग उस्ताद आले. बराच वेळ त्यांनी त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत कसल्याशा गोष्टी सांगितल्या, शेवटी मुद्द्यावर आले. संघ दोन महिने सराव करणार होता. जॉर्जियाचा तो माणूस यंदाही येतोय. तुझ्याइतका त्याच्यासारखा दुसरा कुणी नाही, असं ते म्हणाले. ही स्तुती होती, आणि ते मनापासून बोलत होते.

जूयबारची बस तोवर निघून गेली होती. फरामर्झनं पडवीतल्या फोनवरून घरी फोन लावला. आईनं आधी जेवलास का विचारलं. मग म्हणाली, सगळ्या गल्लीनं आपल्याकडे बसून टीव्ही पाहिला. चुलत्यांनी तर शेवटी तो डावा पाय बघून विचारलं, हा आपला फरामर्झ आहे ना नक्की?

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आपलाच. पण मलाही एकदम ओळखू आला नाहीस, राजा. ये आता घरी. संत्र्यांच्या बागेत माणूस हवंय."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केल्याचं त्याला ऐकू आलं.

"दोन महिने राहावं लागेल, आई. संघाला गरज आहे."

"संघात तर घेतलं नाही. मग तिथं कोण म्हणून राहणार?"

"जो लागेल तो," फरामर्झ म्हणाला, आणि आईनं आणखी काही विचारायच्या आत त्यानं बागेची चौकशी सुरू केली.